पाणी जाणार कुठे, ते आधी सांगा



आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या अंगण गाजतंय. एका भाच्याने माझ्या माहेरच्या घरापुढचं अंगण पेव्हर ब्लॉक घालून 'मस्त करून टाकायचं' ठरवलंय. त्याने नमुन्याचा फोटो टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मी एकटीनेच विचारलं, "ढाळ कुठे देणार?" त्यावर उत्तर आलं, "आत्या, आता कोण ढाळ बघतं? ब्लॉकच्या फटींतून पाणी आपोआप मुरतं." ग्रुपवर लांबलचक लिहिलं की कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. भाचेमंडळींनी जरूर वाचावं. राग आला तर येऊ द्यावा. मुलांच्या रागाची मला जन्मभराची सवय आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. घराला ओल येते ती बहुतेक वेळा पाणी भिंतीशी थांबतं म्हणून. ते थांबू नये यासाठी जमिनीला उतार लागतो. रंगाचा डबा, रसायनाचा कॅन किंवा वास्तुवाल्याचा नकाशा यांतलं काहीही उताराची जागा घेऊ शकत नाही. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते हे की आपला उतार आपल्या गडग्यापाशी संपत नाही. पुढे शेजाऱ्याचं घर असतं.

आधी थोडं गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की तो एक लिटर भरतो. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तेव्हा एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी झालं. उन्हाळ्यात गावात येतो तो मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा. तो एक टँकर तुमच्या अंगणात रिकामा झाला आणि घराचं छप्परही तेवढंच असेल तर दुसरा टँकर छपरावरून खाली आला. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे एका गुंठ्यावर तीनशे-साडेतीनशे मिलिमीटरचे चार दिवस नव्हेत, तर वर्षाकाठी तीस टँकर, तेही मुख्यतः चार महिन्यांत. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी तिथल्या प्रत्येक गुंठ्यावर साडेनऊ टँकर ओतले गेले. एवढं पाणी ब्लॉकच्या फटींतून 'आपोआप' मुरेल असं ज्याला वाटतं त्याने एक बादली पाणी आपल्या ओट्यावर ओतून बघावं.

जुन्या माणसांनी हे गणित कागदावर केलं नव्हतं, पण घर बांधताना ते त्यांच्या हातात होतं. आमच्याकडचं जुनं घर आठवा. जोतं चांगलं उंच, तीन पायऱ्या चढून ओटीवर जायचं. छपराची पाखी भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट पुढे आलेली, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. पागोळ्या पडतात तिथे माती उडू नये म्हणून जांभ्याचे तुकडे लावलेले. पुढे अंगण बाहेरच्या बाजूला हलकं उतरतं, डोळ्याला दिसणार नाही पण पाण्याला कळेल इतकं. अंगणाच्या कडेला चर. चरातलं पाणी माडांकडे किंवा केळीकडे, तिथून गडग्याच्या बुडाशी ठेवलेल्या भोकातून पाणंदीला, आणि पाणंदीतून व्हाळाला. पश्चिमेच्या झडीसाठी भिंतीला नारळाची झापं बांधायची. मिरगाच्या आधी चर उपसायचे, व्हाळातली झाडोरी काढायची. पाऊस सरला की अंगण खणून, भर घालून, चोपण्याने चोपून नव्याने करायचं आणि वर शेणाचं सारवण. हे दरवर्षीचं काम होतं आणि त्यातच ढाळ दरवर्षी सुधारला जात होता. अंगण 'करणं' म्हणजे नुसतं सुशोभित करणं नव्हतं.

आता काय झालंय ते बघा. मी नाव कोणाचं घेत नाही, कारण हे घरोघरी आहे.

पहिली गोष्ट, जोतं बुडतंय. अंगणात चिखल होतो म्हणून एकदा डबर-मुरूम टाकला. काही वर्षांनी त्यावर कोबा केला. कोबा फुटला म्हणून त्यावर फरशी. आता फरशी घसरते म्हणून त्यावर ब्लॉक. खालचं काही काढायचं नाही, वर चढवत राहायचं. तीन पायऱ्यांची दीड पायरी उरली. समोरच्या रस्त्याचंही तेच. दर निवडणुकीला जुन्या डांबरावर नवा थर. मी लहानपणी रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून ज्या घरांत जात असे, त्यांतल्या काही घरांत आता रस्त्यावरून पायरी उतरून जावं लागतं. जिथे माणूस उतरून जातो तिथे पाणीही उतरून जाणार. मग लोक दाराला सिमेंटचा उंबरठा घालतात. पाणी दारातून आलं नाही तरी भिंतीतून येतंच.

दुसरी गोष्ट, छप्पर आखडलं. स्लॅबच्या घराला छज्जा दीड फुटाचा, तोही फक्त खिडकीवर. स्लॅबचं पाणी पाइपाने खाली आणतात आणि पाइपाचं तोंड कुठे सोडतात? भिंतीच्या पायाशी! सगळ्या छपराचं पाणी गोळा करून नेमकं जिथे नको तिथे ओतायचं. एक एल्बो आणि पाच-सहा फूट पाइप वाचवण्यासाठी. गावात फिरताना मी हे मोजत जाते. दहातल्या सात-आठ घरांना असंच सापडतं.

तिसरी गोष्ट, ब्लॉक आणि त्याखालचा गैरसमज. ब्लॉक वाळूच्या थरावर बसवतात. फटींतून पाणी खाली जातं हे खरं. पण वाळूच्या खाली काय आहे? जर खालची जमीन घराकडे कललेली असेल, तर वर कितीही सुंदर नक्षी असो, ते पाणी वाळूतून सरकत भिंतीलाच लागतं. शिवाय घर बांधताना पायासाठी चर खणतात आणि नंतर तो मातीने भरतात. ही भर कितीही चोपली तरी बाकीच्या जमिनीपेक्षा सैल राहते. दोन-तीन पावसांत ती बसते. म्हणजे अंगणात सगळ्यांत आधी खचते ती भिंतीलगतची पट्टी, आणि आपण दिलेला ढाळ उलटा होतो. सारवलेल्या अंगणात हे डोळ्याला दिसायचं आणि चार टोपल्या मातीने सुधारायचं. ब्लॉकखाली ते दिसत नाही. दिसतं ते थेट आतल्या भिंतीवर, पोपडे सुटून.

आणि पोपडे सुटले की चौथी गोष्ट सुरू होते, ती म्हणजे रंगवाले. "वॉटरप्रूफ कोट मारा, दहा वर्षं बघायला नको." जांभा काय, माती काय, वीट काय, सगळ्यांच्या अंगात बारीक बारीक भोकं असतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं त्यांतून पाणी वर चढतं. पायाशी पाणी साचलेलं असताना आतून लेप दिला तर पाणी थांबत नाही, लेपाच्या मागे उभं राहतं आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्याने आणखी वर चढतं. जुन्या चुन्या-मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला की हाच प्रकार होतो. आधी ओल फूटभर होती, आता ती कमरेइतकी होते. त्यात लोणा, त्यात वाळवी. दर दिवाळीला पुन्हा रंग. या रंगाच्या खर्चात एका उन्हाळ्यात सगळ्या अंगणाचा ढाळ नीट करून होतो, पण तो कोणाला दाखवता येत नाही ना!

पाचवी गोष्ट वास्तूची. "पाण्याचा उतार ईशान्येलाच हवा." मंडळी, मी देवभोळी नसले तरी कोणाच्या श्रद्धेला हसत नाही. पण कोकणाचा नकाशा तर पाहाल? पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र. चौथीच्या मुलालाही नद्या कोणत्या दिशेला वाहतात ते सांगता येतं. आमच्यासारख्या डोंगरउताराच्या वाडीत ईशान्य म्हणजे बहुतेकदा घरामागचा चढ. तिकडे उतार द्यायचा म्हणजे पाणी डोंगरात पाठवायचं. ते जात नाही. ते भिंतीशी बसतं आणि मग म्हणायचं की वास्तूला दोष आहे. पाण्याला दिशा कळत नाहीत, त्याला उंच आणि सखल एवढंच कळतं.

मग करायचं काय? नुसती टीका करून थांबणं मास्तरकीला शोभत नाही, म्हणून सांगते. हे कोणत्याही जाणत्या गवंड्याला विचारा.

मातीचं अंगण असेल तर भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार हवा. फरशी, कोबा किंवा ब्लॉक असेल तर पाणी लवकर सरकतं, तेव्हा दहा फुटांना अडीच इंच पुरतात. हे कोकणापुरतं नाही. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांतही पहिल्या दहा फुटांत सहा इंचच सांगितलेत. (न्यू जर्सीतल्या आमच्या लेकीबाळींनी बेसमेंटमध्ये पाणी आलं म्हणून पंप घेण्याआधी बाहेर जाऊन भिंतीलगतची माती बघावी.) उतार मोजायला इंजिनिअर लागत नाही. गवंड्याची पारदर्शक नळी पाण्याने भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक भिंतीशी, दुसरं दहा फुटांवर काठीला धरा. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं. त्या पातळीपासून जमीन भिंतीशी किती खाली आणि काठीशी किती खाली ते मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा ढाळ. काठीकडचा आकडा लहान निघाला तर अंगण घराकडे उतरतंय, आणि मग ब्लॉकची ऑर्डर देऊ नका.

ढाळ देताना भिंतीशी माती चढवायची ती जोत्याच्या वरच्या कडेपर्यंत नव्हे. जोतं उघडं दिसलंच पाहिजे. भिंतीशी चढवायला जागा नसेल तर लांबची बाजू खणून उतरवायची, जुने थर काढायचे. कष्ट आहेत, पण दुसरा मार्ग नाही. छपराचं पाणी पन्हळीने गोळा करून भिंतीपासून लांब सोडायचं. शोषखड्डा करायचा तर तोही भिंतीला चिकटून नको. आणि अंगण सगळंच्या सगळं बांधून काढायचं नाही. जाण्या-येण्यापुरतं बांधा, टोकाला माती ठेवा, तिथे केळी, अळू, कर्दळ लावा. घरापासून दूर नेलेलं पाणी तिथे मुरू दे. ज्या गावात पावसाळ्यात तीस टँकर पाणी एका गुंठ्यावर पडतं, त्याच गावात मे महिन्यात टँकरची वाट बघायची, याची मला लाज वाटते. सगळी अंगणं बांधून काढली तर विहिरीला पाणी कुठून येणार?

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर लिहायला बसले ती.

गेल्या वर्षी आषाढात आमच्या वाडीत एक भिंत बसली. वरच्या अंगाला एकांनी नवं घर बांधलं. सगळं अंगण काँक्रीट, भोवती सिमेंटची पक्की भिंत. पूर्वी तिथे गडगा होता, त्याच्या दगडांच्या फटींतून पाणी ठिकठिकाणी झिरपत खाली यायचं. आता भिंतीच्या एका कोपऱ्यात दोन पाइप ठेवले. त्यांच्या घराला ओल नाही, अंगणाला ढाळ उत्तम, त्यांच्यापुरतं अगदी शास्त्रशुद्ध. ते दोन पाइप तोफेसारखे खालच्या घराच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून आहेत. खालचं घर मातीच्या भिंतींचं, त्यात दोघंच म्हातारी माणसं. तिसऱ्या दिवशी रात्री मागची भिंत बसली. दोघं पुढच्या खोलीत निजली होती म्हणून वाचली. उरलेला पावसाळा ताडपत्रीच्या आड काढला. पंचनामा झाला, त्यात कारण लिहिलं 'अतिवृष्टी'. सरकारी हिशेबात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. कोकणातल्या जुलैला असे दिवस नवे आहेत का? त्या भिंतीने असे कितीतरी आषाढ काढले होते. नवे होते ते दोन पाइप. पण पंचनाम्यात पाइपाचा रकाना नसतो.

मी त्या वरच्या गृहस्थांना विचारलं. ते वाईट माणूस नाहीत, अडीअडचणीला धावतात. ते म्हणाले, "काकू, पाणी खालीच जाणार ना? कायदाच आहे तसा." कायदा आहे, बरोबर. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा, त्याचं सातवं कलम. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहत आलं, तर खालच्याने ते येऊ द्यावं, असं त्यातल्या एका उदाहरणात आहे. मी वकील नाही, पण भाषा शिकवलेली आहे. 'नैसर्गिकपणे' हा शब्द तिथे उगाच घातलेला नाही. आणि ठरावीक प्रवाहातून न वाहणाऱ्या पाण्याबद्दल ते म्हणतं. गुंठाभर काँक्रीट करून, भिंत घालून, सगळं पाणी दोन पाइपांत कोंबून सोडणं हे निसर्गाने केलेलं नाही, ते गवंड्याने केलंय. याच न्यायाने खालच्याने भिंत बांधून वरून येणारी पाण्याची वाट बंद करणंही बरोबर नाही. ते प्रकारही वाडीत आहेत, आणि त्यात वरच्या घरांची अंगणं तुंबतात. दोन्ही बाजूंनी तेच. आपल्या हद्दीतून पाणी गेलं की ते संपलं असं मानायचं.

घराच्या परवानगीला नकाशा लागतो, खोल्या दाखवाव्या लागतात, संडास दाखवावा लागतो. पावसाचं पाणी हद्दीतून कुठून बाहेर पडणार आणि पुढे कोणत्या व्हाळाला मिळणार, हे आमच्या वाडीत तरी मी कोणाला विचारलेलं पाहिलं नाही. माझी मागणी एवढीच आहे. ग्रामसभेत हा प्रश्न प्रत्येक नव्या बांधकामाला विचारला जावा. पाणंदीचे चर आणि व्हाळ कोणाच्या कुंपणाच्या आत घेतले जाऊ नयेत. रस्त्याचा नवा थर टाकण्याआधी जुना खरवडला जावा. आणि जो अंगण बांधून काढेल त्याने खालच्या शेजाऱ्याला बोलावून पाण्याची वाट दोघांनी मिळून ठरवावी. पूर्वी हे ठरायचं. भांडणं तेव्हाही व्हायची, हातघाईवरही यायची, पण विषय पाण्याच्या वाटेचा असतो हे दोघांनाही माहीत असायचं.

मला उलट विचारतील, "आत्या, शेण कुठून आणायचं? गोठे राहिले नाहीत, माणसं मुंबईला. सारवणार कोण?" मान्य आहे. माझेही गुडघे आता सारवायला बसू देत नाहीत. मी कोणाला सारवायला सांगत नाहीये. गणपतीला वर्षातून आठ दिवस घर उघडणाऱ्यांना चिखल नको असतो, हेही समजतं. चिऱ्याची फरसबंदी करा, ब्लॉक घाला, हवा तो रंग घ्या. पण बंद घराला ढाळाची गरज जास्त असते, कारण तिथे जुलैत पागोळीखाली साचलेलं पाणी बघायला कोणी नसतं. तुम्ही गणपतीला कुलूप उघडता तेव्हा भिंतीने दोन-अडीच महिने पाणी पिऊन झालेलं असतं.

तेव्हा भाच्या, ब्लॉक जरूर आण. त्याआधी एकदा भर पावसात ये. छत्री घेऊन अंगणात अर्धा तास उभा राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं ते बघ. जिथे थांबतं तिथे दगड ठेवून खूण कर. मग खालच्या घरी जा, चहा घे आणि त्यांच्याकडे आपलं पाणी कुठून येतं ते त्यांनाच विचार. त्यांना ते पक्कं माहीत असतं. हे झालं की नळी घेऊन मोजायला मी येईन, एक टोक धरायला मला अजून जमतं.

असो. फारच लांबलं. यंदाच्या मिरगाआधी चर उपसून झालेत ना, ते मात्र प्रत्येकाने आपापल्या घरी विचारा.